डॉलर कुठे उघडतो, कुठे मिटतो

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात कुठेतरी एक डॉलर टाकायचा राहून जातो आणि पडद्यावरचे चित्र पालटते. इतका वेळ काळ्या अक्षरांत असलेला मजकूर एकदम तपकिरी होतो, त्यातली सूत्रे मात्र काळी पडतात आणि पुढची कित्येक पाने अशीच उलटीपालटी दिसू लागतात. लिहिणाऱ्याने अजून फाइल कंपाइलही केलेली नसते. चूक सांगणारा एकही संदेश आलेला नसतो. नुसता रंग बदललेला असतो. तेवढ्यावरून सराईत माणूस कर्सर वर नेतो, राहिलेला डॉलर भरतो आणि सगळे पुन्हा आपापल्या रंगात येते.

लाटेकमध्ये गणित लिहिणाऱ्यांच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते, की हे रंग कोण ठरवतो आणि ते केव्हा फसवतात, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढच्या पानांचा विषय तोच आहे: विम, ईमॅक्स, व्हीएस कोड यांसारख्या एडिटरांमध्ये गणिती मजकुराचे हायलायटिंग आपल्या गरजेप्रमाणे कसे बदलायचे. विषय किरकोळ वाटतो. पण त्यात शिरल्यावर पहिल्याच वळणावर एक अडचण उभी राहते. टेकची फाइल शंभर टक्के समजणारा प्रोग्राम एकच, तो म्हणजे खुद्द टेक. बाकी सगळे अंदाज करतात. एडिटरचे रंग हाही असाच एक अंदाज आहे, आणि तो सुधारायचा तर आपल्या लिखाणाची माहिती आपणच त्याला पुरवावी लागते.

गणिताच्या हस्तलिखितावर खुणा करण्याची पद्धत पडद्यापेक्षा जुनी आहे. छापखान्यात कागद जाण्यापूर्वी त्यावर हाताने खुणा होत. अक्षराखाली एक सरळ रेघ म्हणजे तिरपा टाइप, नागमोडी रेघ म्हणजे ठळक टाइप. ग्रीक अक्षर जुळाऱ्याच्या नजरेतून सुटू नये म्हणून त्यावर वेगळी खूण केली जाई. सूत्रांची जुळणी वेळखाऊ, म्हणून महाग. डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते पाहिली, ती त्यांना पसंत पडली नाहीत, आणि १९७७ मध्ये त्यांनी टेकचे काम हाती घेतले. सूत्र कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगण्यासाठी त्यांनी डॉलरचे चिन्ह निवडले, कारण गणित छापणे खर्चिक असते. ही थट्टा त्यांनी ‘द टेकबुक’ या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर लाटेक उभारले आणि हे चिन्ह जगभरच्या गणितज्ञांच्या बोटांत बसले.

पडद्यावरच्या रंगांची कुळकथा वेगळी आहे. १९८५ मध्ये आयबीएममधील माइक कॉलिशॉ यांनी लेक्स नावाचा एडिटर लिहिला. निमित्त होते ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी संगणकावर आणण्याचे. कोशातल्या एकेका नोंदीत शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अवतरणे असे अनेक थर, आणि प्रत्येकाला वेगळ्या खुणा. हे सगळे टाइप होत असतानाच ओळखून वेगवेगळ्या रंगांत दाखवणाऱ्या पहिल्या काही एडिटरांत लेक्सची गणना होते. म्हणजे सिंटॅक्स हायलायटिंगच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक प्रोग्रॅमरांच्या कोडसाठी नव्हते, खुणांनी भरलेल्या लिखित मजकुरासाठी होते. लाटेकची फाइल त्याच जातीची. विममध्ये ही सोय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आली.

आता त्या अडचणीकडे. टेक फाइल वाचताना प्रत्येक चिन्हाला शून्य ते पंधरा यांपैकी एक प्रवर्ग देतो. बॅकस्लॅशचा शून्य, महिरपी कंसांचे एक आणि दोन, डॉलरचा तीन, घातांकाच्या टोपीचा सात, अंडरस्कोरचा आठ, टक्क्याच्या चिन्हाचा चौदा. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. लेखक किंवा एखादे पॅकेज दस्तऐवजाच्या मध्यावर ते बदलू शकते, आणि रोज बदलत असते. कोड जसाच्या तसा छापणारी ‘व्हर्बेटिम’ ही एन्व्हायर्नमेंट याच युक्तीवर चालते: तिच्या आत डॉलर हा नुसता डॉलर उरतो. ‘मेकॅटलेटर’ ही कमांड अ‍ॅटच्या चिन्हाला अक्षराचा दर्जा देते. लाटेकच्या नव्या प्रोग्रॅमिंग थरात ‘एक्स्पलसिंटॅक्सऑन’ लिहिले की अंडरस्कोर आणि अपूर्णविराम दोन्ही अक्षरांत जमा होतात. तिथे अंडरस्कोर दिसला म्हणजे गणित आहे असे मानणारा एडिटर पुरता फसतो.

कोणत्या ओळीवर कोणता प्रवर्ग लागू आहे हे नक्की कळण्यासाठी फाइल वरपासून चालवून पाहावी लागेल, तीही सगळ्या पॅकेजांसकट. प्रत्येक अक्षर टाइप केल्यावर असे करणे एडिटरला परवडत नाही. म्हणून बहुतेक एडिटर रेग्युलर एक्स्प्रेशनवर भागवतात: डॉलर दिसला की गणित सुरू, पुढचा डॉलर दिसला की बंद. हा नियम बव्हंशी पुरतो. जिथे पुरत नाही, तिथूनच सेटिंग बदलण्याची गरज सुरू होते.

सगळ्यात मोठी गोची डॉलरमध्येच आहे. उघडणारा आणि मिटणारा डॉलर दिसायला एकच. गोल कंस पाहून तो उघडतो आहे की मिटतो आहे ते कळते, डॉलर पाहून कळत नाही. त्यात मोठी फाइल असली तर विमसारखा एडिटर वेग राखण्यासाठी फाइलच्या सुरुवातीपासून वाचत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या भागाच्या थोडे मागे जाऊन तिथून अंदाज बांधतो. कीर्तनाला मध्येच येऊन बसलेल्या माणसाने पूर्वरंग चालू आहे की उत्तररंग हे दोन वाक्यांवरून ओळखावे, तसा हा प्रकार. अंदाज चुकला की अख्खे पान उलट्या रंगात दिसते, आणि फाइलमध्ये चूक मात्र काहीच नसते. विमला सुरुवातीपासून वाचायला लावण्याची सोय आहे: सिंटॅक्स सिंकला ‘फ्रॉमस्टार्ट’ सांगायचे. वेग थोडा कमी होतो, रंग खरे होतात.

खुद्द टेक या बाबतीत अधिक शहाणा आहे. सूत्राच्या पोटात कोरी ओळ, म्हणजे नवा परिच्छेद, त्याला चालत नाही. तसे झाले की राहिलेला डॉलर तो स्वतः घालतो, तक्रार नोंदवतो आणि पुढे जातो. त्यामुळे एका विसरलेल्या डॉलरचे नुकसान टेकच्या लेखी एका परिच्छेदापुरते राहते. ज्या एडिटरच्या नियमांत ही कोऱ्या ओळीची अट नाही, तिथे तेच नुकसान पानोपानी पसरते. विमच्या टेकसाठीच्या जुन्या सिंटॅक्स फाइलने यावर एक साधा उपाय ठेवला आहे. टक्क्याच्या चिन्हापुढे ‘स्टॉपझोन’ असे लिहायचे. टेकच्या दृष्टीने ती टिप्पणी, म्हणून तो वळूनही पाहत नाही. एडिटर मात्र ती वाचतो आणि वाहवत गेलेला रंग तिथे थांबवतो. हा सगळा घोळ टाळायचा सरळ रस्ता लाटेकनेच दिलेला आहे: बॅकस्लॅश लावलेले गोल कंस आणि चौकोनी कंस. त्यांना उघडमीट आहे, त्यामुळे एडिटरचा अंदाज क्वचितच चुकतो. पण वर्षानुवर्षे डॉलरला सरावलेली बोटे ऐकत नाहीत.

लाटेकबाहेर, मार्कडाउनमध्ये तर डॉलर गणिताचाही असतो आणि पैशाचाही. ‘$२०,००० ते $३०,०००’ अशा मजकुरात दोन डॉलर आहेत, सूत्र एकही नाही. पॅनडॉक हा रूपांतर करणारा प्रोग्राम त्यासाठी तीन अटी घालतो: उघडणाऱ्या डॉलरच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा नको, मिटणाऱ्याच्या लगेच डावीकडे मोकळी जागा नको, आणि मिटणाऱ्यानंतर लगेच अंक नको. वरच्या उदाहरणात दुसऱ्या डॉलरला लागून अंक आहे आणि आधी मोकळी जागा आहे, म्हणून पॅनडॉक त्याला सूत्र मानत नाही. या अटी ज्याने वाचल्या, त्याला एडिटरसाठी स्वतःचा नियम लिहिणे अवघड जात नाही. गिटहबने मे २०२२ मध्ये मार्कडाउनमध्ये गणित दाखवायला सुरुवात केली, तेव्हा अंडरस्कोर आणि तारा या चिन्हांवरून मार्कडाउन आणि लाटेक यांची ओढाताण उघड झाली. मार्कडाउनमध्ये ही चिन्हे अक्षरे तिरपी किंवा ठळक करतात, सूत्रांत त्यांचे काम निराळे. पुढे गिटहबने डॉलरच्या आत उलटे अवतरणचिन्ह लावण्याची वेगळी रीत दिली, ती याच ओढाताणीतून. मार्कडाउनमधले हायलायटिंग बदलताना पहिला प्रश्न हाच: या फाइलमधला डॉलर शेवटी कोण वाचणार आहे? पॅनडॉक, गिटहब आणि व्हीएस कोडचा प्रिव्ह्यू यांचे नियम सारखे नाहीत.

यानंतर येतो लेखकाचा खासगी शब्दसंग्रह. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पॅकेजातल्या ‘अलाइन’, ‘गॅदर’, ‘मल्टलाइन’ या एन्व्हायर्नमेंट एडिटरांना पाठ असतात. पण प्रबंध लिहिणारा माणूस पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या कमांडी करू लागतो. वास्तव संख्यांच्या संचासाठी एक, सदिशासाठी एक, क्रमांक दिलेल्या समीकरणांसाठी स्वतःची एन्व्हायर्नमेंट. एडिटरला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने त्या एन्व्हायर्नमेंटच्या आत साधा मजकूर आहे, आणि साध्या मजकुरात अंडरस्कोर आला की विमचे मूळ नियम तो चूक म्हणून लाल करतात. निर्दोष फाइल लालभडक दिसते.

इथे सेटिंगच्या दोनतीन ओळी पुष्कळ काम करतात. विमच्या मूळ नियमांत नवे गणिती क्षेत्र जाहीर करण्याचे एक फंक्शन आहे, ‘टेकन्यूमॅथझोन’. विमटेक या प्लगिनमध्ये स्वतःच्या कमांडी आणि एन्व्हायर्नमेंट यांची यादी देता येते आणि त्यातली कोणती गणिती हे सांगता येते. ईमॅक्समध्ये ऑकटेक आहे. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठ केंद्राची आद्याक्षरे आजही त्याच्या नावात आहेत. कर्सर गणितात आहे की बाहेर हे ऑकटेकमध्ये ‘टेकमॅथपी’ ठरवते. ते लिहिले कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने, ऑर्ग मोडचे जनकही तेच. ‘टेकमॅथपी’च्या यादीत आपल्या एन्व्हायर्नमेंटचे नाव घातले की ईमॅक्सला ती कळते.

गणिती क्षेत्र ओळखण्याचा उपयोग रंगापुरता नाही. स्पेलिंग तपासणारी यंत्रणा सूत्रांतली अक्षरे वगळते, तीही याच माहितीवर. २०१९ मध्ये बेल्जियममधला गणिताचा विद्यार्थी गिल कास्तेल याने वर्गात चालू व्याख्यानाच्या वेगाने लाटेकमध्ये टिपणे कशी काढायची ते लिहिले आणि ते खूप वाचले गेले. त्याच्या पद्धतीत दोन तिरप्या रेघा टाइप केल्या की अपूर्णांकाचा सांगाडा तयार होई, पण फक्त सूत्राच्या आत. बाहेर त्या दोन रेघाच राहत. हा फरक एडिटरला कळतो तो हायलायटिंगसाठी केलेल्या क्षेत्रविभागणीवरून. विमटेकची कागदपत्रे लाटेक फाइलपुरते ट्री-सिटरचे रंग बंद ठेवायला सांगतात त्यामागे हेच आहे: ट्री-सिटर हा नवा, वाक्यरचनेचे झाड बांधणारा मार्ग असला तरी विमटेकची सूत्र ओळखणारी फंक्शने जुन्या सिंटॅक्स यंत्रणेवर उभी आहेत.

क्षेत्राच्या पोटातही क्षेत्र असते. सूत्रामध्ये ‘टेक्स्ट’ ही कमांड लिहून साधे शब्द घालता येतात. मराठीत गणित लिहिणाऱ्याला ती पावलोपावली लागते: फलाची व्याख्या दोन ओळींत देताना ‘जर’ आणि ‘अन्यथा’ हे शब्द सूत्राच्या आतच येतात. तेवढे शब्द पुन्हा साध्या मजकुराच्या रंगात दिसले पाहिजेत, आणि त्यांच्या आत पुन्हा डॉलर आला तर पुन्हा गणिताचा रंग. चांगल्या नियमांना ही घडीत घडी जमते. स्वतः नियम लिहिणाऱ्याकडून ती हमखास सुटते.

देवनागरीत लिहिणाऱ्याला एक फायदा आयता मिळतो. झीटेक किंवा लुआटेक वापरून मराठी मजकूर थेट लिहिला की वाक्ये देवनागरीत आणि कमांडी रोमनमध्ये, असा फरक रंगाशिवायच डोळ्यांना दिसतो. इंग्रजी लेखकाला कमांडी आणि मजकूर वेगळे करण्यासाठी जो रंग खर्चावा लागतो, तो मराठी लेखक दुसऱ्या कामासाठी राखू शकतो. एक तोटाही आहे. कोडसाठीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक रोमन अक्षर समान रुंदीचे असते, जोडाक्षरे तशी बसत नाहीत. मॅट्रिक्सचे किंवा ‘अलाइन’मधले स्तंभ मोकळ्या जागा टाकून नीट लावले तरी मध्ये एक देवनागरी शब्द आला की रांग हलते. ईमॅक्सने २०२० च्या २७व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी घेतली आहे. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या विमला मात्र टर्मिनल जे दाखवील त्यावर भागवावे लागते.

रंगाच्या पुढची पायरी म्हणजे लपवणे. विमच्या ७.३ या २०१० मधल्या आवृत्तीत ‘कन्सील’ आले. फाइलमध्ये बॅकस्लॅश लावून ‘अल्फा’ लिहिलेले असते, पडद्यावर दिसते ग्रीक अक्षर. ईमॅक्समध्ये हेच काम ‘प्रेटिफाय सिम्बल्स’ करते. फाइल जशीच्या तशी राहते, कर्सर तिथे नेला की मूळ कमांड पुन्हा दिसावी अशीही सोय आहे. ज्याची सूत्रे लांबलचक, त्याला ही मोठी सुटका वाटते. पण घातांक आणि पायाशी लिहायचे अंक लपवायला गेले की गंमत होते. विम त्यासाठी युनिकोडमधली छोटी अक्षरे वापरतो, आणि पायाशी लिहिण्याजोगी सगळी रोमन अक्षरे युनिकोडमध्ये नाहीत. आय, जे, एन आहेत. बी, सी, डी नाहीत. परिणामी एकाच सूत्रातले एक पद सुबक दिसते आणि शेजारचे अंडरस्कोरसकट उघडे राहते. ऑकटेक दुसऱ्या वाटेने जाते. ते तीच अक्षरे वर किंवा खाली सरकवून दाखवते, त्यामुळे सगळी पदे सारखी दिसतात, पण ओळींची उंची कमीजास्त होते. कुणाला ते आवडते, कुणी पहिल्याच दिवशी बंद करतो. त्याहून पुढे जायचे तर डेव्हिड कास्ट्रुप यांचे प्रिव्ह्यू-लाटेक आहे, जे सूत्र खरोखर टेककडून जुळवून घेऊन त्याचे चित्र ईमॅक्सच्या पडद्यावर लावते. तिथे अंदाजाचा प्रश्नच मिटतो, मात्र प्रत्येक बदलानंतर चित्र नव्याने काढावे लागते.

आणि शेवटी रंग कोणता? ऑकटेक उजळ पडद्यावर गणिताला गडद तपकिरी देते, काळ्या पडद्यावर फिकट तपकिरी. निवड भडक नाही, आणि ते बरोबरच आहे. शुद्ध गणिताच्या प्रबंधात पानाचा मोठा भाग सूत्रांनीच व्यापलेला असतो. त्याला झगझगीत रंग दिला तर दोन तास वाचवत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे, हा वेबसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला निकष इथेही उपयोगी पडतो. पुरुषांमध्ये लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणारे अनेक असतात, म्हणून चूक आणि सूत्र यांना नेमके हे दोन रंग देणे टाळावे. ठळक टाइप, तिरपा टाइप, अधोरेखन ही साधनेही हाताशी असतात. व्हीएस कोडमध्ये सगळी थीम न बदलता फक्त गणिताच्या स्कोपपुरता रंग बदलता येतो, आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

हे सगळे नकोच, असे म्हणणारेही आहेत, आणि ते लेचेपेचे नाहीत. गो भाषेच्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक, रंगीत कोडला पोरकट म्हणतात. संशोधनाचा कौलही एका बाजूचा नाही. अद्वैत सरकार यांनी २०१५ मध्ये केलेल्या छोट्या अभ्यासात रंगांमुळे कोड समजायला कमी वेळ लागल्याचे आणि अनुभवाबरोबर हा फायदा घटत गेल्याचे दिसले. २०१८ मधल्या एका मोठ्या प्रयोगात नवशिक्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर रंगांचा परिणाम आढळला नाही. पण हे दोन्ही अभ्यास प्रोग्रॅमिंगच्या कोडवर झाले. प्रोग्रॅममध्ये कंस, ओळींचे समास आणि शब्द यांतूनही रचना कळते. लाटेकमध्ये गणिताची सीमा बऱ्याचदा एका डॉलरवर उभी असते, आणि तो डॉलर आपण उघडतो आहोत की मिटतो आहोत हे सांगत नाही. रंग तेवढी एक गोष्ट सांगतो.

म्हणून पुढची प्रकरणे रंग निवडण्यापासून सुरू होत नाहीत. प्रत्येक एडिटरसाठी आधी गणिताच्या सीमा नीट ओळखून घेणे, मग स्वतःच्या कमांडी शिकवणे, मग ‘व्हर्बेटिम’सारखे अपवाद, त्यानंतर लपवाछपवी आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम आहे. ज्याला घाई आहे त्याने निदान एक कमांड आधी शिकून घ्यावी: कर्सरखालच्या अक्षराला एडिटर काय समजतो आहे, हे विचारणारी. विमपासून निघालेल्या निओविममध्ये ती ‘इन्स्पेक्ट’ आहे. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेट उघडून ‘इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ शोधावे. ईमॅक्समध्ये ‘डिस्क्राइब-फेस’ कर्सरखालच्या फेसचे, म्हणजे तिथे लागू असलेल्या रंगशैलीचे, नाव सुचवते. जिथे रंग चुकलेला दिसतो तिथे कर्सर ठेवायचा आणि ते नाव वाचायचे. नाव गणिताचे असून रंग नकोसा असेल, तर प्रश्न थीमचा आहे आणि एका ओळीत सुटेल. नावच साध्या मजकुराचे असेल, तर एडिटरला ती एन्व्हायर्नमेंट माहीत नाही, आणि वाचकाने थेट दुसऱ्या प्रकरणाकडे वळावे.